सोडणाऱ्यांचा जिना

सोमवारपासून घटना तारेतून यायच्या बंद झाल्या आणि जिना चढून पायी यायला लागल्या. मला त्यात विशेष काही वाटलं नाही. तारेतून यायच्या तेव्हाही त्या रांगेतच यायच्या. आता त्यांच्या पायांचा आवाज ऐकू येत होता, आणि दुकानासमोर गर्दी होते म्हणून खालच्या मिठाईवाल्याने एकदा तक्रार केली, एवढाच फरक.

घटना हे नाव तेवढं भारदस्त आहे. प्रत्यक्षात बघाल तर हसू येईल. कुणीतरी स्क्रीनवर अंगठा टेकवला, ही झाली एक घटना. अंगठा उचलला, ही दुसरी. टेकवलेला अंगठा जरा इकडचा तिकडे सरकला, की तेवढ्यात घटनांची एक पंगत उठते. माणसं एवढ्यातेवढ्याला घटना म्हणायला लागली की जगात खरोखर काही घडत नाही असं खुशाल समजावं.

आमची कंपनी कोल्हापुरात, राजारामपुरीत आहे. दवाखान्यातल्या विजेवर चालणाऱ्या पलंगाला वायरीने लटकवलेला एक छोटा स्क्रीन असतो. तो पेशंटने हातात धरायचा. वरचा बाण दाबून धरला की पलंग वर जातो, बाण सोडला की थांबतो. त्या स्क्रीनमधला प्रोग्राम आम्ही लिहितो. गाढवालाही जमेल असं काम आहे आणि त्यावर आम्ही तिघं जगतो. पाटणकर सर मालक आहेत. हर्षदा मुतालिक स्क्रीनवर काय दिसायचं ते रंगवते. आणि मी, श्रेणिक मगदूम, रांगेतल्या घटना गाळतो. कामाची कोणती आणि फुकटची कोणती हे मी ठरवतो. ऑफिसात अक्कल लागणारं काम हे एवढंच आहे.

घटना पायी यायला लागल्यावर माझं टेबल हॉलच्या तोंडाशी आडवं लावलं. एका बाजूने रांग येते. टेबलाच्या मागे हॉल, आणि हॉलच्या टोकाला ती पांढरी भिंत, जिच्यासमोर हर्षदा ब्रश घेऊन उभी असते. घटना जे सांगेल ते ती भिंतीवर रंगवते, आणि ती जे रंगवते ते दवाखान्यात होतं. माझ्या डाव्या हाताला लोखंडी दार आहे. त्याच्याबाहेर इमारतीच्या मागचा जिना.

कामाची घटना आली की मी म्हणतो, "पुढे." ती हॉलमध्ये जाते. फुकटची आली की म्हणतो, "झालं." ती लोखंडी दारातून मागच्या जिन्यावर जाते. "नाही" म्हणायचं नसतं. नाही म्हटलं की ती दुसऱ्या कुणाला तरी विचारत फिरते. झालं म्हटलं की तिला वाटतं, आपण ज्यासाठी आलो ते उरकलं. तिच्या तोंडावर असं काही समाधान पसरतं की बघवत नाही. काय झालं, कुणी केलं, असं आजवर एकीनेही विचारलेलं नाही. हा सगळा खुळ्यांचा बाजार आहे.

दिसायला त्या माणसांसारख्याच होत्या, पण वरवरच्या. त्यांचे तीन प्रकार मी पहिल्या दिवशीच ओळखले. पहिले सरकणारे. उंच, हडकुळे, सगळ्यांचा एकच शर्ट, आणि प्रत्येक जण पुढच्यापेक्षा जरासा बाजूला झुकलेला. हे जथ्याने यायचे, आणि मी त्यातला शेवटचा ठेवून बाकीचे वाटेला लावायचो. दुसरे दाबणारे. बुटके, छाती पुढे काढून चालणारे, उजवा अंगठा ताठ. तिसरे सोडणारे. हे दाबणाऱ्याच्या मागोमाग यायचे, रिकाम्या हाताने, तळवा उघडा ठेवून, जणू कुणीतरी काहीतरी देणार आहे. प्रत्येकाचा चेहरा पुसट असे. अंगठा मात्र ज्या पेशंटने बटण दाबलं त्याचा असे, अगदी नखासकट. मेंदी लावलेले अंगठे यायचे, तंबाखूने पिवळे पडलेले यायचे. मी त्यांच्याकडे बघायचो नाही. अंगठ्यावरून माणूस ओळखायला मी काय ज्योतिषी आहे?

मंगळवारी पाटणकर सर टेबलाशी आले. त्यांना प्रोग्राममधलं काही कळत नाही. हे त्यांना माहीत नाही, आणि हीच त्यांची पात्रता.

"मगदूम, हॉल लहान झालाय," ते म्हणाले.

मी मागे वळून पाहिलं. खरंच झाला होता. कालपर्यंत हर्षदाला हाक मारायला ओरडावं लागत होतं, आता तिच्या ब्रशचा आवाज येत होता.

"आत फार जण जातात, सर."

"मग कमी करा. तुम्हाला कशाला ठेवलंय?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. ते गेल्यावर मी रांगेकडे नीट पाहिलं. सरकणारे मी आधीच गाळत होतो. दाबणारे गाळले तर पलंग हलणारच नाहीत, आणि मग दवाखान्यातून फोन येतील. राहता राहिले सोडणारे. मला नवल वाटलं की हे आधी कसं सुचलं नाही. माणसाने बटण दाबलं की तो ते कधीतरी सोडणारच, हे शेंबड्या पोरालाही कळतं. ते सांगायला वेगळा माणूस जिना चढून यायला हवा? घरातून बाहेर पडलेला माणूस रात्री परत येईल अशी दवंडी कुणी पिटतं का? हे सोडणारे म्हणजे लग्नातले ते पाहुणे, जे जेवून झाल्यावर फक्त "येतो बरं का" म्हणायला मांडवभर हिंडतात.

तेव्हापासून मी सोडणाऱ्यांना "झालं" म्हणायला लागलो. सगळ्यांना.

दुपारी हर्षदा हात पुसत टेबलाशी आली. तिच्या कोपरावर निळा रंग होता.

"श्रेणिक, दाबणारा आत घेतलास तर त्याचा सोडणाराही घ्यावा लागतो."

"कशाला?"

"तो आल्याशिवाय दाबणारा जागचा हलत नाही. भिंतीला अंगठा लावून उभाच राहतो."

"राहू दे. पाय दुखले की जाईल."

"त्यांचे पाय दुखत नाहीत."

"मग तुझं काय जातंय?"

तिने थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. हर्षदाची ही खोड आहे, बोलून झाल्यावर बघत राहायचं. "मला ते पलंग रंगवत राहावं लागतं," ती म्हणाली आणि परत गेली. नाचता येईना अंगण वाकडं. ब्रश पटापट चालत नाही म्हणून माझ्या गाळणीत खोट काढायची. मी फुटाण्यांची पुडी उघडली आणि पुढच्याला म्हणालो, "झालं."

आप्पांचा फोन आला तो त्यानंतर.

आप्पा म्हणजे माझे वडील. इचलकरंजीत त्यांनी आयुष्यभर यंत्रमागावर जॉबर म्हणून, म्हणजे बिघडलेले माग लावून द्यायचं, काम केलं. तुटलेल्या धाग्यांना गाठी मारून मारून त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलं आहे, आणि दोन्ही भाग वेगवेगळे वाढतात. गेल्या आठवड्यात ते मोरीत घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. मी त्यांना इथल्याच एका दवाखान्यात ठेवलं, आमचे पलंग असलेल्या. ऑपरेशन झालं होतं. पाय हलवायचा नाही, पलंगावरून उतरायचं नाही, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. म्हणून ते दिवसभर फोन करायचे. त्यांच्या फोनमध्ये कधीही काही नसायचं. सरकणाऱ्यांसारखंच, मागच्या वेळेपेक्षा जरासं इकडचं तिकडे.

"जेवलास काय रं?"

"झालं."

"बायकोचा फोन झाला काय माहेरास्नं?"

"झालं, आप्पा."

"मी म्हणतो जरा उठून बसावं. खिडकीतनं बघतो काय दिसतंय. पडून पडून पाठीला रग लागल्या. बसू न्हवं?"

"बसा की. बाण दाबा वरचा."

"दाबतो," ते म्हणाले. "तू ठेव आता. कामात असशील."

मी ठेवला. रांगेत एक दाबणारा आला. मी "पुढे" म्हणालो, तो छाती काढून हॉलमध्ये गेला. त्याच्या मागे त्याचा सोडणारा उभा राहिला. उघडा तळवा माझ्यासमोर धरला. अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं होतं. हे कुठेतरी पाहिलंय असं माझ्या मनात आलं, पण टेबलावर फुटाण्यांची सालं पडली होती आणि ती मी फुंकत होतो. तो इतरांपेक्षा जरा जास्त थांबला. त्याच्या मागच्याने त्याच्या पाठीवर छाती टेकवली.

"झालं," मी म्हणालो.

तो हसला आणि लोखंडी दारातून गेला.

हॉल आता इतका लहान झाला होता की हर्षदाच्या ब्रशचे शिंतोडे माझ्या मानेवर उडत होते. मी वळून पाहिलं. दाबणारे भिंतीला चिकटून उभे होते, एकाच्या खांद्यावर एक, सगळ्यांचे अंगठे पांढऱ्यावर टेकलेले. हर्षदा त्यांच्या बगलांतून हात घालून रंगवत होती. पलंग रंगवायची, पुसायची, बोटभर वर पुन्हा रंगवायची. भिंत वरच्या बाजूला उंच होत चालली होती. हॉलची कमी झालेली लांबी वर जात असावी, मी असा विचार केला. जागा कुठेतरी जाणारच.

पाटणकर सर खूश होते. "हालचाल दिसतेय," ते भिंतीकडे बघून म्हणाले. "यालाच मी वेग म्हणतो." गाढवाला गुळाची चव काय.

परत आप्पांचा फोन.

"श्रेणिक, हा पलंग थांबंना."

"म्हणजे?"

"वर चाललाय."

"मग बटण सोडा ना, आप्पा." मी रागाने बोललो. साधं बटण सोडता येत नाही आणि म्हणे मी जॉबर होतो. "दाबून धरलंय तुम्ही. अंगठा काढा."

"काढलाय रं. मी कवाच सोडलंय."

रांगेतला पुढचा माझ्यासमोर येऊन थांबला होता. मी त्याला हाताने थांबवलं.

"कुणाला तरी बोलवा. नर्स कुठंय?"

"बाई शिडी आणायला गेल्यात. आता त्यांची टोपी दिसायल्या नुसती." आप्पांचा आवाज नेहमीसारखाच होता. "शेजारचे कुलकर्णी बी चाललेत वर. त्यांच्या पलीकडचं लेकरू बी. सगळेच चाललोय. सोबत हाय, तू काळजी करू नगंस."

"छत लागेल ना."

"छत बी सरकायलंय वर. पर आमच्यापरास हळू." फोनमध्ये वारा घुमला. "बोटभर अंतर कमी झालंय बघ मघाधरनं. उतरावं म्हटलं तर पाय न्हाई टेकायचा म्हणालेत डॉक्टर."

मी फोन खिशात घातला. मला भीती वाटली. हे सरळ सांगतो, कारण भीती वाटली हे कबूल न करणारी माणसंही मला आवडत नाहीत. मी हॉलकडे वळलो. भिंतीवर खूप वर, हर्षदाच्या डोक्याच्याही वर, एक पलंग रंगवलेला होता. त्यावर पडलेल्या माणसाच्या खुब्याला बँडेज होतं. त्याच्या खाली, भिंतीशी, चिरलेल्या नखाचा अंगठा टेकवून एक बुटका उभा होता. मी आत घुसून त्याला ओढलं. तो हलला नाही. मी त्याचा अंगठा दोन्ही हातांनी उपटायला गेलो. जमिनीतून खांब उपटावा तसं ते काम होतं.

"तो त्याच्या सोडणाऱ्याशिवाय हलणार नाही," हर्षदा रंगवता रंगवता म्हणाली. ती आता स्टुलावर उभी होती.

"हे पुसून टाक. पलंग खाली रंगव."

"मला सांगितल्याशिवाय मी काही रंगवत नाही. त्याने दाबलंय, तर तो वर. कुणी सोडलं असं कुणी मला सांगितलेलं नाही."

"मी सांगतोय."

"तू घटना नाहीस, श्रेणिक."

तिने हे कुजकेपणाने म्हटलं असतं तर मी तिला दोन शब्द सुनावले असते. पण ती फक्त माहिती देत होती. मी लोखंडी दार उघडून मागच्या जिन्यावर गेलो.

सोमवारपासून मी त्यांना त्या दारातून पाठवत होतो, पण ते पुढे कुठे जातात हे मी पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, विरून जात असतील. कुणीही विरलं नव्हतं. सगळे जिन्यावर बसले होते. प्रत्येक पायरीवर दाटीवाटीने, ऊन खात, उघडे तळवे मांडीवर ठेवून. वरच्या पायऱ्यांवर सोडणारे, खालच्या वळणांवर हडकुळे सरकणारे, एकमेकांवर कललेले. सगळ्यांच्या तोंडावर तेच समाधान. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, तसं यांना न झालेल्या कामाचं समाधान.

मी एकेकाचा हात उचलून अंगठा बघायला लागलो. दमेकऱ्यांचे, बाळंतिणींचे. कुणाचं नख काळंनिळं, कुणाला चिकटपट्टी. लहान मुलाचा एक अंगठा आला, अजून ओला, नुकताच तोंडातून काढलेला. एवढीशी पोरं पण वर चाललीत तर. मी तो हात पटकन सोडला. जिना खाली उतरतच होता. आमची इमारत एवढी उंच नाही, पण जिन्याला त्याचं काही देणंघेणं नव्हतं. जितका उतरत होतो तितक्या खालून पायऱ्या येत होत्या, आणि त्या भरलेल्या होत्या. एवढ्या सगळ्यांना मी झालं म्हणालो होतो. त्यातल्या एकाचंही तोंड मला आठवत नव्हतं.

आप्पांचा सोडणारा मला एका वळणावर सापडला. कठड्याला टेकून बसला होता. मी हात उचलला. नख मधोमध चिरलेलं, एक भाग जरा मोठा. मी त्याचं मनगट धरलं.

"चला," मी म्हणालो.

"झालं की," तो म्हणाला. त्यांना तेवढंच बोलता येत असावं.

"झालं नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. आप्पा असंच बघायचे, मी पहिल्यांदा घड्याळ उघडून ठेवलं आणि ते परत जुळवता आलं नाही तेव्हा. तो उठला, गुडघ्यावर हात देऊन, हळूहळू, आणि माझ्याबरोबर वर चढला.

लोखंडी दाराला बाहेरून कडी नाही. ते माझ्यामागे लागलं होतं. मीच तसं बसवून घेतलं होतं, गाळलेलं कुणी परत आत येऊ नये म्हणून. मी दारावर थापा मारल्या. आतून "पुढे" आणि "झालं" असं ऐकू येत होतं, माझ्या नेहमीच्या ठेक्यात, माझ्या नेहमीच्या सुरात. मी हर्षदाला फोन लावला.

"माझ्या टेबलावर कोण बसलंय?"

"तूच."

"मी बाहेर आहे. मागच्या जिन्यावर."

"बरं."

"हर्षदा, दार उघड."

"माझा हात मोकळा नाही. पलंग वरच्या कडेशी आलाय." फोन बहुधा तिने मान वाकडी करून खांद्यावर धरला होता. "सरांनी बसवलं त्याला. नवीन बसवला की रांग आधी त्याच्याकडेच जाते."

"त्याला सांग सोडणाऱ्यांना आत घे."

"सांगितलं. म्हणाला, शेंबड्या पोरालाही कळतं."

मग जिना अखेर संपेपर्यंत उतरून, सगळ्यांच्या मांड्यांवरून आणि तळव्यांवरून पाय टाकत, आम्ही दोघं इमारतीला वळसा घालून समोर आलो. रांग मिठाईच्या दुकानासमोरून निघून बस स्टॉपच्याही पलीकडे गेली होती. मी थेट जिन्याच्या दाराशी गेलो.

"मी वरचाच आहे," मी तिथल्या दाबणाऱ्याला म्हणालो. "इथे काम करतो."

त्याने छाती थोडी पुढे काढली आणि जागा भरून टाकली. त्याच्या मागच्यानेही तेच केलं. मी त्यांना चांगलं ओळखत होतो. दोन दिवस मला एका गोष्टीचा अभिमान होता की माझ्या रांगेत कुणी मधे घुसत नाही. जो उशिरा आला तो शेवटी. शिस्त म्हणजे शिस्त. आम्ही रांगेच्या शेवटापर्यंत चालत गेलो आणि उभे राहिलो.

रांग चालत होती. वरचा माणूस कामाला वाघ होता, हे मानायला हवं. पण आमच्या पुढ्यात सरकणाऱ्यांचा जथा होता आणि त्यांच्यातला प्रत्येक जण आपण जरासे बाजूला झालो हे सांगायला निघाला होता. मी त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. एक बाई पिशवी घेऊन रांगेतून आरपार रस्ता ओलांडून गेली. तिने आमच्याकडे बघितलंही नाही.

आप्पांचा फोन आला.

"कुठं हाईस रं?"

"रांगेत आहे, आप्पा. तुमचं सोडणं घेऊन आलोय. आत गेलं की पलंग थांबेल."

"बरं बरं." त्यांना अर्थातच काही कळलं नव्हतं. "हितनं लई लांब दिसतंय. पंचगंगा दिसायल्या. इचलकरंजीच्या गिरणीची चिमणी बी दिसंल आता जरा वर गेलं की."

"छत?"

"छताला भोक पडलंय. एवढं हाय बघ, पलंगाएवढं. तेवढ्यातनं आलो बाहेर." वारा जोरात आला आणि त्यांचे दोन शब्द गेले. "...पांघरूण उडून गेलं. तेवढं एक. बाकी काय न्हाई. तू जेवलास काय?"

मी नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. "नाही, आप्पा," मी म्हणालो. "सकाळपासून फुटाण्यांशिवाय काही खाल्लं नाही."

"असं करू नगं," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज काळजीचा वाटला. "उपाशी नगं राहूस. किती येळ लागंल अजून?"

"आलंच. पुढे फार जण नाहीत आता."

हे खोटं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला त्याचा राग आला. मी डोळे पुसायला हात वर केला तेव्हा लक्षात आलं की माझा तळवा उघडा आहे आणि मिटत नाही. दुसऱ्या हाताने बोटं वळवून पाहिली. ती परत सरळ झाली. माझ्याशेजारी आप्पांचा सोडणारा माझ्या हाताकडे बघत होता. मग त्याने स्वतःचा उघडा तळवा माझ्या तळव्याशेजारी धरला, मापाला धरावा तसा. मी हात खाली घेतला.

जिना चढताना भिंती जवळ आल्या. खांदे घासत होते. वरच्या वळणावर जिना इतका अरुंद झाला की आम्हाला एकामागे एक व्हावं लागलं, तो पुढे आणि मी मागे. माझ्यामागच्याने माझ्या पाठीवर छाती टेकवली. मला किळस आली, आणि तरी मीही पुढच्याच्या पाठीवर छाती टेकवलेली होती.

टेबलाशी पोचलो तेव्हा माझ्या जागी बसलेला तो फुटाणे खात होता. माझाच शर्ट, माझीच मान. त्याच्या मागे हॉल हातभर उरला होता. टेबलाला लागूनच दाबणारे सुरू होत होते, एकावर एक रचलेले, वरपर्यंत, अंगठे भिंतीला लावून. त्यांच्याही वर स्टूल आणि स्टुलावर हर्षदा, चवड्यांवर उभी. भिंतीच्या अगदी वरच्या कडेला पलंगाची फक्त चाकं दिसत होती. ती एक चाक पुसत होती.

"हे आप्पांचं आहे," मी म्हणालो. "आत जाऊ दे."

तो सालं फुंकत होता.

"अरे, तुझ्याच बापाचं आहे. अंगठा बघ."

त्याने बघितलं. हे कुठेतरी पाहिलंय असं त्याच्या चेहऱ्यावर आलं. मला ते स्पष्ट दिसलं. मी त्याच्या तोंडाकडे इतक्या आशेने बघत होतो की श्वास घ्यायचा राहिला. मग माझ्यामागच्याने मला ढकललं, त्याची नजर टेबलावरच्या सालांवर गेली आणि चेहरा पुन्हा कोरा झाला.

"झालं," तो म्हणाला.

आणि मला बरं वाटलं. हे कसं सांगू? दिवसभराच्या उन्हातून येऊन पाण्यात पाय सोडावेत तसं खालून वर बरं वाटत गेलं. कशासाठी आलो होतो ते मला पक्कं ठाऊक होतं, पलंग, वारा, उडालेलं पांघरूण, सगळं. आणि ते उरकलं होतं. काय झालं, हे विचारायचं आहे असं मी स्वतःला सांगितलं, आणि जिभेवर तो प्रश्न आला नाही. माझे पाय लोखंडी दाराकडे वळले. आप्पांचा सोडणारा माझ्यापुढे पोचला होता आणि चिरलेल्या नखाच्या हाताने माझ्यासाठी दार धरून उभा होता.

खिशात फोन वाजला.

"झालं काय रं?" आप्पा म्हणाले. आवाज फार लांबून येत होता.

"झालं, आप्पा," मी म्हणालो.

दार माझ्यामागे लागलं. जिन्यावर ऊन नव्हतं. पायऱ्यांवर पलंगासारखी एक लांबट, चौकोनी सावली पडली होती, जी लहान लहान होत चालली होती, आणि बसलेले सगळे मान वर करून बघत होते.